मागच्या सीटवर आई

"दुसरी धवलारीण बघ," आई म्हणाली, आणि मी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच खाली ठेवला.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मांडव आमच्या कामतघरच्या घरासमोर पडणार होता आणि हळद महिन्यावर आली होती. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर येतो, आधी लागते ती धवलारीण. मांडवात पाटावर बसून ती धवले गाते, म्हणजे आमची लग्नाची गाणी, आणि त्या गाण्यांच्या मागोमाग एकेक विधी पुढे सरकतो. हळद कधी लावायची, कोणाला पुढे बोलवायचं, कोणी कुठे बसायचं, सगळं तिच्या तोंडून ठरतं. माझी आई ती धवलारीण. माझ्या माहेरी, वळ गावात, आणि आजूबाजूच्या गावांत तिने किती पोरींना हळद चढवली असेल, ते तिलाही सांगता यायचं नाही. आणि स्वतःच्या नातीच्या वेळी ही बाई मला म्हणते, दुसरी बघ!

"आय, वेड लागलं काय तुला?"

"येड कशाला लागल? कंबर गेली माझी. ह्या हाडांत आता काय ऱ्हायलं न्हाय. मना मांडवात बसवत न्हाय, बाय."

रडली असती तर मी समजूत तरी घातली असती. ती रडली नाही. सुक्या मासळीतला जवळा निवडत होती, तो निवडतच राहिली. मला खरी भीती वाटली ती तिथे. कारण जवळा निवडताना आई गुणगुणली नाही असं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी घरात नुसता पंख्याचा आवाज होता.

झालं होतं असं की आदल्या पावसाळ्यात ती ओट्यावरून घसरून पडली आणि पाठीचा एक मणका दबला. पट्टा बांधला, पडून राहिली, औषधं झाली. हाडांच्या डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला आणि म्हणाले, मणका छान जुळलाय, आता फिरा, बसा, गा, कुठे जायचं तिथे जा. आम्ही पेढे वाटले. पण आई घराबाहेर जायची आणि परत आली की आडवी व्हायची. देवळात गेली, दोन दिवस खाटेवर. माझ्याकडे साखरपुड्याला आली, तर अर्ध्यातून उठून आतल्या खोलीत जाऊन भिंतीला टेकून बसली. पुन्हा फोटो काढला, त्यात काही नाही. वहिनी म्हणाली वय झालं. दादा म्हणाला डॉक्टर बदलू. तेल झालं, गरम पाण्याची पिशवी झाली. आणि आईने आपल्यापुरता निकाल लावून टाकला की आपण संपलो.

आता दादाची गाडी. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, आई त्याच्याकडेच वळ गावी राहते. आमच्या वडिलांचे टेम्पो होते आणि दादा टेम्पोतच मोठा झाला. पुढे शेतांवर गोदामं उभी राहिली, बरे दिवस आले, आणि दादाने ती लांबलचक काळी परदेशी गाडी घेतली. मागची सीट म्हणजे दिवाणखान्यातला सोफा. पाठीला टेकू देणारं बटण वेगळं, पडदा वेगळा, पाय ठेवायला जागा एवढी की आई मांडी घालून बसायची. "आयसाठी घेतली," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं.

फक्त दोन महिन्यांत त्याने कंपनीची चाकं काढून टाकली आणि वीस इंची रिंगा बसवल्या. आमच्याकडे हळदीला मांडवाबाहेर गाड्यांची रांग लागते. येणारा माणूस आधी वाकून रिंगा बघतो आणि मग नवरदेवाकडे. तेव्हा मामाच्या गाडीला साध्या अठराच्या रिंगा असून कसं चालेल? दिसायला ती गाडी झक्कास दिसायची, ते मान्य केलं पाहिजे. पण चाकाचा एकूण घेर काही वाढवता येत नाही, नाहीतर ते गाडीच्या अंगाला घासेल. मग रिंग जेवढी मोठी, तेवढं रबर बारीक. कंपनीच्या चाकाला रबराची चांगली जाड कड होती. नव्या चाकाला रिंगेच्या कडेने जेमतेम तीन बोटं रबर, बाकी सगळं चकचकीत धातू. आणि गाडीतला आराम असतो तो त्या रबरात आणि त्याच्या पोटातल्या हवेत, सोफ्यात नसतो.

वर हवा! टेम्पोवाल्यांची एक जुनी पद्धत असते. क्लीनर हातात टॉमी घेतो, म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा, आणि एकेका टायरवर मारत गाडीभोवती फिरतो. टण् असा आवाज आला तर हवा बरोबर. मालाने भरलेल्या टेम्पोला ते ठीक, हवा कमी असली तर टायर बसतो. पण दादाने तोच न्याय ह्या गाडीलाही लावला. दर रविवारी भर दुपारी पंपावर जायचं, "कडक भर" म्हणायचं, आणि लाथ मारून आवाज ऐकायचा. काट्यावर पंचेचाळीस येईपर्यंत भरायचा. गाडीच्या दारावर कंपनीने तीन-चार माणसांसाठी तेहतीस लिहिलं होतं. वहिनीने एकदा दाखवलंही. तर म्हणाला, "त्या कंपनीवाल्यांकडे माल कुठे असतो?" मागच्या सीटवर एक म्हातारी बाई आणि तिच्या मांडीवर पिशवी, एवढा माल!

ह्यातलं काही तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात नव्हतं. आम्ही सगळे आईच्या मणक्यात खोट शोधत होतो.

मग एक दिवस दादा गाडी घेऊन नाशिकला गेला आणि आईची डॉक्टरांकडची तारीख नेमकी त्याच दिवशी आली. मी आमची जुनी छोटी गाडी काढली. तिचं दार जोरात आपटल्याशिवाय लागत नाही आणि टायरांत हवा किती हे आमच्या ह्यांना टायर चपटा दिसल्यावरच आठवतं. मनात म्हटलं, मेले आता, त्या गाडीत एवढं दुखतं तर ह्या खटाऱ्यात आईचं काय होईल! वळहून निघाले ती प्रत्येक खड्ड्याआधी ओरडत होते, "आय, धर गं, आय, धर." मागून उत्तर नाही. अंजूरफाट्याला सिग्नलला थांबले आणि मागे वळून पाहिलं. डोळे मिटलेले, मान कलंडलेली, तोंड उघडं.

मागून कंटेनरवाला हॉर्न मारत होता आणि मला काही सुचत नव्हतं. तेवढ्यात आई घोरली. खोटं सांगत नाही, एवढा गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नाही.

दवाखान्याच्या दारात जागी झाली, "आलो पन?" म्हणाली आणि माझा हात न धरता पायऱ्या चढली. घरी परत आल्यावर आडवी झाली नाही. ओट्यावर बसून शेजारणीशी गप्पा मारत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला.

"कंबर कशी आहे?"

"बरी हाय."

मला कळलं होतं आणि तिलाही कळलं होतं, हे दोघींनाही कळलं.

"आय, तुझ्या कंबरेला काही झालेलं नाही. दादाची गाडी दणके देते."

"गप बस. दादाला बोलाचा न्हाय. पोरानं माझ्यासाठी घेतली ती गारी. अख्ख्या गावाला सांगत फिरतं बिचारं."

"बरं, मग हळदीला मी नेते तुला माझ्या गाडीतून."

"आन् मामाची गारी मांडवासमोर उभी असताना मामाची आय जावयाच्या खटाऱ्यातून उतरल? लोकं त्याच्या तोंडावर हासतील. मी न्हाय येत. कंबर गेली सांग सगल्यांना. आन् तुला माझी शपथ हाय, दादाला एक शब्द बोललीस तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे नातीची हळद सोडायची, गाणं सोडायचं, जन्मभराचं काम सोडून खाटेवर पडायचं, कशासाठी? तर पोराला वाईट वाटू नये! फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. माझी मुलगी आत येऊन विचारायला लागली, काय झालं? काय सांगणार तिला? तुझी आजी तुझ्या हळदीला येत नाही आणि का येत नाही ते सांगायला मला बंदी आहे?

आईची शपथ मी कधी मोडलेली नाही. पण तिने शपथ घातली होती ती फक्त न बोलायची. रविवारी मी वळला गेले आणि दादाला म्हटलं, "हळदीच्या दिवशी तू मामा. फेटा बांधून स्टिअरिंगवर बसणार काय? मी चालवेन. आज मला जरा सवय करू दे."

गाडीची चावी दुसऱ्याला देणं म्हणजे दादाला किडनी देण्यासारखं आहे. कुरकुर केली, सतरा सूचना दिल्या, आणि शेवटी माझ्या बाजूला पुढे बसायला लागला.

"पुढे कशाला? मामासारखा मागे बस की, ऐटीत."

हे त्याला आवडलं. मागे बसला, हात पसरले, पडदा वर-खाली करून पाहिला. एवढी मोठी गाडी घेऊन वर्ष होत आलं होतं आणि तिच्या मागच्या सीटवर तो पहिल्यांदा बसत होता. आमच्याकडे स्वतःची गाडी स्वतःच चालवायची असते. ड्रायव्हर ठेवला तर लोकांना कळणार कसं गाडी कोणाची? आणि चालवणाऱ्याला खड्डा समोरून येताना दिसतो. हातात स्टिअरिंग असतं, अंग आपोआप सावरतं. मागच्याला काही दिसत नाही, नुसता दणका बसतो.

मी निघाले. एक सांगते, मुद्दाम एकही खड्डा घेतला नाही. भिवंडीत मुद्दाम घ्यावा लागत नाही. उखडलेले पेव्हर ब्लॉक, उरलेल्या सिमेंटचे कोणीही घालून ठेवलेले स्पीडब्रेकर, मेट्रोच्या खांबांशेजारचा तो चिंधड्या झालेला रस्ता, सगळं आपोआप चाकाखाली येतं.

"सावकाश," मागून आवाज आला.

सावकाशच होते.

"बघून चालव की!" मग, "अगं ए!" आणि खांबांजवळच्या पट्ट्यात गाडी धाड्‌धाड् करत गेली तेव्हा दादा जोरात ओरडला, "आय गं!"

मी आरशात पाहिलं. पुढचा स्पीडब्रेकर आला तसे त्याने दोन्ही तळहात सीटवर टेकवले आणि अंग जरा उचलून धरलं.

"आय अशीच बसते," तो हळूच म्हणाला. "मला आरशात दिसायची. मला वाटायचं साडी नीट करते."

मी समोर बघत राहिले. डोळे भरले की रस्ता दिसत नाही आणि मागे पुन्हा कंटेनर होता.

"थांबव गाडी."

बाजूला घेतली. तो उतरला, मागच्या टायरजवळ उभा राहिला, सवयीने लाथ मारली. टण्. पुन्हा मारली नाही.

"आयने सांगितलं तुला?"

"मला तिची शपथ आहे. मी एक शब्द बोललेले नाही."

तो समजला. भर उन्हात रस्त्याच्या कडेला, बाजूने ट्रक जात असताना, माझा एवढा मोठा भाऊ गाडीला टेकून डोळे पुसत उभा होता. "तिच्यासाठी घेतली गं," म्हणाला. मी म्हटलं, "माहितीये रे."

तिथून तो थेट अंजूरफाट्याच्या टायरवाल्याकडे. तो टायरवाला म्हणजे तोंडाचा पट्टा. "सेठ, हवा में कुछ नहीं रखा, सस्पेन्शन का काम निकलेगा, पूरा खोलना पड़ेगा." दादा म्हणाला, "तू कुछ मत खोल. टायर ठंडा होने दे, फिर तेहतीस कर दे." टायर गरम असताना मोजलं तर आकडा फुगून येतो, म्हणून आम्ही चहा पीत बसलो. हवा उतरल्यावर दादा पुन्हा मागे बसला आणि मी चक्कर मारून आणली. फरक होता, पण अर्धाच. गुळगुळीत रस्त्यावर गाडी पाण्यावर चालल्यासारखी, आणि खड्ड्याची धार आली की तोच दणका पाठीत.

"और कम करूँ?" टायरवाल्याने विचारलं.

"नको, कम किया तो रिंग खड्ड्यात आपटेल, टायर फटेगा," दादा त्याच्या भिवंडी भाषेत म्हणाला. आणि मग माझ्याकडे वळून, "रबरच नाही तर हवा राहणार कुठे?" टेम्पोत वाढलेला माणूस तो, त्याला सगळं कळत होतं. नुसतं एकदा मागे बसायचं राहिलं होतं.

कंपनीची चाकं गोदामात होती. नुसती पडून नव्हती. हमालांनी ती दोन-दोन रचून त्यावर फळी टाकली होती आणि फळीवर कॅरमबोर्ड. जेवणाच्या सुट्टीत चौघे खेळत होते. दादा म्हणाला, "उठा, चाकं पाहिजेत."

"सेठ, रानी अभी बाकी है."

दादाने बोर्डाकडे पाहिलं, स्ट्रायकर उचलला, एका फटक्यात राणी घालवली आणि बोर्ड उचलून बाजूला ठेवला. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा खळखळून हसले.

चाकं धुतली, हवा भरून रात्रभर ठेवली, कुठे उतरत नाही हे पाहिलं, आणि बसवली. टायरवाला शेवटपर्यंत हळहळत होता. "गाड़ी का शो चला जाएगा, सेठ."

"जाने दे."

दादा पुन्हा मागे बसला. खांबांजवळच्या त्याच पट्ट्यात गाडी गेली. धाड्‌धाड् नाही. धप्प, धप्प, असा जाड आवाज झाला आणि आम्ही पलीकडे पोचलो.

"परत घे," दादा म्हणाला. मी वळवून परत घेतली. "परत घे." आरशात बघते तर डोळे मिटून बसलाय आणि हात मांडीवर. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आईला त्याने काही सांगितलं नाही. फक्त म्हणाला, नातीच्या मांडवात आजी माझ्या गाडीतून गेली नाही तर मीही जात नाही. आता काय करणार ती? हो म्हणाली. वहिनीने मला फोनवर सांगितलं की आईने दुखण्याच्या गोळ्या पदराच्या गाठीत बांधून घेतल्यात.

दुसरी धवलारीण मी बघितलीच नव्हती. हळदीच्या दिवशी दुपारी मांडव भरला, बेंजोवाले वाजंत्री तयार होऊन उभे राहिले, आणि मी सारखी कोपऱ्याकडे बघत होते. मी चालवेन म्हटलं होतं, पण नवरीच्या आईला मांडव सोडून कोण जाऊ देतंय! फेटा बांधून दादाच गाडी आणत होता. दुपारची वेळ, रस्त्यात कंटेनरांची गर्दी. कोपऱ्यावर काळी गाडी दिसली. बेंजोवाल्यांनी ढोलाच्या काठ्या उचलल्या, तोच दादा दार उघडून धावत बाहेर आला आणि दोन्ही हात हलवायला लागला. थांबा, थांबा, वाजवू नका!

मी धावले. नको नको ते मनात आलं. काचेला नाक लावून आत पाहिलं तर आई मागच्या सीटवर मांडी घालून, मान कलंडून गाढ झोपलेली.

"पूर्णा गाव आलं तेव्हाच झोपली," दादा कुजबुजला.

सगळा मांडव थांबला. बेंजोवाले काठ्या हवेत धरून उभे, नवरी पाटावर, बायका हळदीची वाटी घेऊन. आजूबाजूच्या यंत्रमागांची खटखट तेवढी चालू होती. ती कामतघरला कोणासाठी थांबत नाही.

आई आपणहून जागी झाली. बाहेरची गर्दी बघून भडकलीच. "मना उठवला का न्हाय? हलद वालून जाल!" दादाने हात पुढे केला, तो न घेता उतरली. उतरल्यावर तिची नजर चाकांवर गेली. टेम्पोवाल्याची बायको ती, तिला कोणी समजवायची गरज नव्हती. चाकांकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरा, कंबर बरी झाली रं माझी."

"हो आय," दादा म्हणाला. "बरी झाली."

मागून त्याचा एक दोस्त ओरडला, "काय रे, वीसच्या रिंगा कुठे गेल्या?"

"दुखत होत्या," दादा म्हणाला आणि फेटा सारखा करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

आई पाटावर बसली. मला खुणेने जवळ बोलावलं, पदराची गाठ सोडली आणि गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली, "शपथ मोडलीस ना?"

"नाही गं आय. एक शब्द नाही बोलले. दादाला फक्त मागे बसवलं."

आई सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी हसली. हसता हसताच तिने नातीचा हात हातात घेतला, घसा खाकरला आणि पहिला धवला उचलला.